रीफ्रेश केलं की 404: छोट्या वेब-ॲपसाठी छोटा राउटर

प्रश्न जवळजवळ एकाच साच्यातला असतो. ‘साइट माझ्या लॅपटॉपवर नीट चालते. होस्टिंगवर टाकल्यावरही पहिलं पान उघडतं, मेनूवर क्लिक केलं की आतली पानंही येतात. पण आतल्या पानावर असताना रीफ्रेश केलं किंवा त्याच पानाची लिंक कुणाला पाठवली, की 404.’ पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: यावर उपाय म्हणून राउटरची अमुक लायब्ररी घेऊ की तमुक?

लायब्ररी बदलून हा दोष जात नाही, कारण तो लायब्ररीत नसतोच. म्हणून या लेखात लायब्ररीचा नंबर मुद्दाम उशिरा लागतो.

उदाहरण उल्हासनगर भागातलं घेऊ. जांभूळच्या एमआयडीसी जलशुद्धीकरण केंद्रात बारवी धरणाचं पाणी शुद्ध होतं आणि पुढे उल्हासनगरसह आसपासच्या शहरांना जातं. तिथे दुरुस्तीसाठी शटडाऊन जाहीर झाला की दिवसभर एकच चौकशी चालते: आमच्याकडे पाणी कधी येणार? समजा, तुम्ही याच माहितीची एक लहान साइट करताय. शहर निवडा, विभाग निवडा, वेळापत्रक पाहा, लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. एवढंच काम. (पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून इथे ते देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात लिपी कोणती घ्यावी, ते पुढे येईल.)

आधी हे ठरवा: राउटर हवा आहे का?

बऱ्याच साइटना तो नको असतो. दुकानाची माहिती, दरपत्रक, संपर्क अशी पाच-सात पानं असतील, तर पाच-सात साध्या एचटीएमएल फाइल करा. मागे-पुढे जाणं, रीफ्रेश, बुकमार्क, गूगलमध्ये दिसणं हे सगळं ब्राउझर आणि सर्व्हर फुकटात करून देतात. राउटर घेतलात की यातलं बरंच काही काढून टाकून तुम्ही ते पुन्हा स्वतः बांधायला घेता.

राउटर पुढच्या परिस्थितीत उपयोगी पडतो:

- पान बदलताना काहीतरी चालू राहायला हवं: अर्धवट भरलेला फॉर्म, नकाशा, वाजणारा ऑडिओ.
- एकाच साच्यात वेगवेगळी माहिती भरून शेकडो पानं तयार होतात आणि ती ब्राउझरमध्येच रंगवायची आहेत.
- एकदा उघडल्यावर इंटरनेट नसतानाही ॲप चालायला हवं.

आपल्या पाण्याच्या साइटला तिसरं कारण लागू पडतं, म्हणून पुढे जाऊ. तुम्हाला तिन्हींपैकी एकही लागू पडत नसेल, तर इथे थांबलात तरी चालेल. कुणी ‘आजकाल सगळे सिंगल पेज ॲपच करतात’ म्हणत असेल, तर त्याच्या साइटवर मागे जायचं बटण दाबून पाहा.

राउटर नेमकं काय करतो

लिंकवर क्लिक झालं की ब्राउझर सर्व्हरकडे नवं पान मागतो. राउटर ती मागणी अडवतो, ॲड्रेस बारमधला पत्ता स्वतः बदलतो, तो पत्ता आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळलेलं फंक्शन चालवतो. ते फंक्शन पानाचा मधला भाग रंगवतं. पत्ता असा बदलण्याची सोय, म्हणजे ‘पुशस्टेट’, ब्राउझरमध्ये 2010-11 च्या सुमारास आली. त्याआधी सगळा कारभार # या खुणेवर चालायचा.

इथे एक बारकावा आहे आणि स्वतःचा राउटर लिहिणारे बहुतेक जण त्यावर अडतात. वापरकर्त्याने मागे-पुढे केलं की ब्राउझर ‘पॉपस्टेट’ची सूचना देतो. तुमच्या कोडने पुशस्टेट केलं, तर मात्र अशी सूचना येत नाही. म्हणजे पान रंगवायचं काम दोन ठिकाणांहून बोलवावं लागतं: एकदा पत्ता बदलल्यावर आपणहून आणि एकदा पॉपस्टेट ऐकून. ‘पत्ता बदलतो पण पान तेच राहतं’ ही तक्रार बहुधा इथली असते.

रीफ्रेशला 404 येतं त्याचं कारणही यातच आहे. रीफ्रेश केल्यावर ‘/उल्हासनगर/कॅम्प/4’ हा पत्ता थेट सर्व्हरकडे जातो. सर्व्हरवर या नावाची फाइलच नाही. राउटर बिचारा अजून लोडही झालेला नसतो.

# असलेला पत्ता की साधा पत्ता?

हा निर्णय लायब्ररीच्या निवडीपेक्षा मोठा आहे. लायब्ररी उद्या बदलता येते, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या लिंका परत मागवता येत नाहीत.

# नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे ‘/#/उल्हासनगर/कॅम्प/4’ असा पत्ता असेल, तर सर्व्हरकडे फक्त ‘/’ ची मागणी जाते, मुख्य फाइल मिळते आणि उरलेलं राउटर पाहून घेतो. सर्व्हरवर काहीही बदलावं लागत नाही, 404 येत नाही. होस्टिंगच्या सेटिंगला हात लावता येत नसेल तर हा मार्ग बिनधास्त घ्या. फाइल डबल-क्लिक करून थेट ब्राउझरमध्ये उघडत असाल, तरीही हाच मार्ग, कारण अशा फाइलवर क्रोम पुशस्टेट करू देत नाही.

किंमत मात्र मोजावी लागते. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली शीर्षक आणि चित्राची चौकट दिसते. ती तयार करणारा प्रोग्राम तुमचं जावास्क्रिप्ट चालवत नाही आणि # नंतरचं त्याला पोचतही नाही. परिणामी कॅम्प 4 ची लिंक टाका नाहीतर बदलापूर पश्चिमेची, चौकटीत शीर्षक एकच दिसणार. ज्या साइटचा सगळा जीव ग्रुपवरच्या लिंकांत आहे, तिला हे महागात पडतं. शोधयंत्रांचंही तेच: गूगल # नंतरच्या भागाला साधारणपणे वेगळं पान मानत नाही. मोठ्या कंपन्यांनाही हा रस्ता पचला नाही. ट्विटरने # आणि उद्गारचिन्ह जोडलेले पत्ते 2010 मध्ये आणले आणि 2012 मध्ये ते मागे घेऊन साधे पत्ते परत आणले.

माझा कौल असा:

- कार्यालयाच्या आत वापरायचं, लॉगिनमागे असलेलं साधन: # चालेल. उगाच डोकं शिणवू नका.
- लोक लिंक पुढे पाठवणार आहेत: साधा पत्ता घ्या आणि सर्व्हरची सोय करा.

सर्व्हरला काय सांगायचं

साधा पत्ता घेतलात, तर सर्व्हरला एकच सूचना द्यायची असते: ‘या पत्त्यावर फाइल सापडली नाही, तर 404 देऊ नकोस, मुख्य इंडेक्स फाइल दे.’ ती कुठे लिहायची, हे होस्टिंगवर अवलंबून आहे.

- सी-पॅनेलवालं स्वस्त शेअर्ड होस्टिंग: बहुधा अपाची सर्व्हर असतो. मुख्य फोल्डरमधल्या ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइलमध्ये ‘फॉलबॅक-रिसोर्स’ची एक ओळ पुरते. इंटरनेटवर सापडणाऱ्या रीराइटच्या सात-आठ ओळी सहसा लागत नाहीत.
- एनजिनएक्स: साइटच्या सेटिंगमध्ये ‘ट्राय-फाइल्स’ची ओळ. आधी फाइल, मग फोल्डर आणि शेवटी इंडेक्स, या क्रमाने.
- नेटलिफाय: ‘रिडायरेक्ट्स’ फाइलमध्ये सगळे पत्ते इंडेक्सकडे वळवणारी ओळ. शेवटी 200 हा आकडा लिहायला विसरू नका, नाहीतर ॲड्रेस बारमधला पत्ताच बदलून जाईल.
- फायरबेस होस्टिंग: प्रकल्प सुरू करतानाच ‘सिंगल पेज ॲप आहे का’ असं विचारलं जातं. तेव्हा घाईत ‘नाही’ दाबलेलं असतं.
- क्लाउडफ्लेअर पेजेस: वरच्या पातळीवर 404 ची फाइल ठेवली नसेल, तर सगळे पत्ते आपोआप मुख्य पानाकडे जातात.
- गिटहब पेजेस: इथे अशी सूचना देण्याची सोयच नाही. लोक इंडेक्स फाइलची प्रत 404 या नावाने ठेवतात. पान दिसतं खरं, पण सर्व्हर त्यासोबत 404 हाच आकडा पाठवत राहतो, त्यामुळे शोधयंत्र ते पान नसल्याचंच समजतं.

छोट्या साइटसाठी मला सर्वांत आवडणारा मार्ग वेगळाच आहे. तुमचे पत्ते आधीच माहीत असतात. उल्हासनगरचे पाच कॅम्प, अंबरनाथ पूर्व आणि पश्चिम, बदलापूर पूर्व आणि पश्चिम, जांभूळ, मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’. एवढ्या पत्त्यांसाठी एक लहान स्क्रिप्ट लिहा. ती प्रत्येक पत्त्याच्या नावाचं फोल्डर करेल, त्यात इंडेक्स फाइलची प्रत ठेवेल आणि प्रत्येक प्रतीत त्या त्या विभागाचं शीर्षक आणि वर्णन भरेल. मग सर्व्हरला खरंच फाइल सापडते, 200 मिळतो, व्हॉट्सॲपच्या चौकटीत ‘कॅम्प 4’ असंच दिसतं, आणि गिटहब पेजेसचीही अडचण सुटते. राउटर आपला नंतर लोड होऊन पुढचं सांभाळतो.

सगळे पत्ते इंडेक्सकडे वळवल्यावर आणखी एक गोष्ट तुमच्या गळ्यात पडते. चुकीच्या पत्त्यालाही सर्व्हर ‘200, सगळं ठीक’ असंच सांगतो. म्हणून राउटरच्या यादीत शेवटी ‘काहीच जुळलं नाही’साठी फंक्शन ठेवाच आणि त्या पानावर मुखपृष्ठाची लिंक द्या. कोरं पांढरं पान दिसलं की लोक साइट बंद पडली असं समजतात.

आता लायब्ररी

लहान राउटरची जाहिरात नेहमी आकारावर असते: अमुक केबी, तमुक केबी. तो आकार मी फारसा मनावर घेत नाही. मुखपृष्ठावरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट जड असतो. लहान लायब्ररीचा खरा फायदा असा, की तिचा सगळा कोड एका बैठकीत वाचून होतो आणि काही अडलं तर तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता.

फ्रेमवर्क वापरत नसाल तर दोन नावं प्रथम पाहा.

*पेज-जेएस.* नोडच्या एक्सप्रेसमध्ये पत्ते लिहिले असतील तर याची पद्धत ओळखीची वाटेल. पानावरच्या सगळ्या लिंका हा आपणहून अडवतो. कंट्रोल दाबून केलेलं क्लिक, नव्या टॅबची लिंक, डाउनलोडची लिंक, दुसऱ्या साइटची लिंक अशा अपवादांना सोडून देण्याची समज त्यात आहे.

*नॅव्हिगो.* हा उलट वागतो. लिंकवर ‘डेटा-नॅव्हिगो’ ही खूण असेल तरच तो तिला हात लावतो. जुन्या साइटच्या एका कोपऱ्यात राउटर बसवायचा असेल, तर हे वागणं सोयीचं. पण नंतर जावास्क्रिप्टने पानात घातलेल्या नव्या लिंका त्याला दिसत नाहीत. लिंका अद्ययावत करण्याचं त्याचं फंक्शन दर वेळी बोलवावं लागतं. ‘पहिल्या पानावरच्या लिंका चालतात, यादीतल्या चालत नाहीत’ याचं उत्तर हे.

दोन्हींत यादी लिहून झाल्यावर राउटर सुरू करणारी एक ओळ लागते. नॅव्हिगोमध्ये ती ‘रिझॉल्व्ह’, पेज-जेएसमध्ये ‘पेज’ हेच फंक्शन रिकामं बोलवायचं. ती ओळ राहिली, तर सगळं बरोबर लिहूनही पान कोरं राहतं.

रिॲक्ट किंवा प्रीॲक्ट असेल तर वाउटर पाहा. कॉम्प्रेस केल्यावर तो साधारण 2 केबीचा आहे. पत्ता वाचणारा हुक, रूट, स्विच आणि लिंक, एवढ्यावर भागतं. # वाले पत्ते हवे असतील तर त्यासाठीचा वेगळा हुकही मिळतो. पान उघडण्याआधी माहिती आणून ठेवणं, फॉर्म पाठवणं यांसारखी कामं राउटरनेच करावीत असं वाटत असेल, तर वाउटरशी झटापट करू नका, रिॲक्ट राउटर घ्या. व्ह्यू वापरत असाल तर त्याचा अधिकृत राउटर सोडून इकडेतिकडे पाहण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

कोणतीही लायब्ररी घेण्याआधी हे पाहा:

- शेवटची आवृत्ती कधी आली आणि उघड्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का. राउटर हे संपणारं काम आहे, त्यामुळे जुनी आवृत्ती वाईटच असं नाही. तक्रारींचा ढीग मात्र वाईट.
- तुम्ही वाचत असलेला धडा कोणत्या आवृत्तीचा आहे. अर्ध्याहून अधिक गोंधळ ‘धडा एका आवृत्तीचा, कोड दुसऱ्या’ एवढ्यानेच होतात.
- साइट उपफोल्डरमध्ये असेल, तर मूळ पत्ता सांगायची सोय आहे का. गिटहब पेजेसवर प्रकल्पाची साइट उपफोल्डरमध्येच असते.

लायब्ररी निवडली की तिला एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा. बाकीच्या कोडने फक्त तुमचं ‘जा’ हे फंक्शन बोलवावं. लायब्ररी बंद पडली तर बदल त्या एका फाइलपुरता राहतो.

पत्त्यांची यादी आधी कागदावर

कोड लिहिण्याआधी सगळे पत्ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात.

1. वेगळं पान असेल ते पत्त्यात, त्याच पानाची मांडणी असेल ते प्रश्नचिन्हानंतर. ‘/उल्हासनगर/कॅम्प/4’ हे पान. ‘फक्त उद्याचं दाखवा’ ही मांडणी.
2. क्रम सांभाळा. बहुतेक लहान राउटर यादीत जो आधी जुळेल तो घेतात. ‘/कॅम्प/कोणताही’ आधी आणि ‘/कॅम्प/सर्व’ नंतर लिहिलंत, तर ‘सर्व’ हेच कॅम्पचं नाव समजलं जाईल. नेमके पत्ते वर, मोघम खाली.
3. आलेलं मूल्य तपासा. कॅम्प 1 ते 5 आहेत. कुणी 47 लिहिलं तर ‘सापडलं नाही’ दाखवा. रिकामं वेळापत्रक दाखवलंत, तर ‘पाणीच नाही’ असा अर्थ निघेल.
4. शेवटची तिरकी रेघ. ‘/जांभूळ’ आणि ‘/जांभूळ/’ हे दोन वेगळे पत्ते आहेत. एक ठरवा आणि दुसरा त्याच्याकडे वळवा.
5. वळवताना ‘रिप्लेसस्टेट’ वापरा. पुशस्टेटने वळवलं तर मागे जाणारा माणूस पुन्हा चुकीच्या पत्त्यावर येतो आणि तिथून पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याला साइटबाहेर पडताच येत नाही.
6. ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर पत्त्यात नको. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदीत जातो आणि लिंकबरोबर फॉरवर्ड होतो. नंबर # नंतर ठेवला तर सर्व्हरच्या नोंदीतून वाचतो, बाकी दोन ठिकाणी राहतोच.

देवनागरी पत्ते: हौस आणि हिशोब

मराठी साइटचे पत्तेही मराठीत असावेत, ही इच्छा रास्त आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ते चालतंही. पण पुढचं वाचून मग ठरवा.

ॲड्रेस बारमध्ये ‘/जांभूळ’ दिसत असलं, तरी आत ते टक्केचिन्हांच्या रूपात असतं. ज, काना, अनुस्वार, भ, दीर्घ उकार, ळ अशी सहा चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह धरून तीन अक्षरं. म्हणजे ‘जांभूळ’ची 54 अक्षरं झाली. ॲड्रेस बारमधून कॉपी केलेली लिंक बऱ्याचदा याच लांबलचक रूपात चिकटते. ग्रुपवर चार ओळींची गिचमिड पाहून लोक ती फसवी लिंक समजतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

कोडमध्ये याचे तीन फटके बसतात.

पहिला: ‘लोकेशन’मधून वाचलेला पत्ता टक्केरूपात मिळतो. तो उलगडल्याशिवाय ‘जांभूळ’शी ताडून पाहिलात तर कधीच जुळणार नाही. तुमचा राउटर हे स्वतः करतो का, ते तपासा. उलगडणारं फंक्शन अर्धवट टक्केचिन्ह दिसलं की त्रुटी फेकतं आणि सगळं ॲप थांबतं. तिथे ‘ट्राय-कॅच’ हवंच.

दुसरा: डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर आत वेगळं असू शकतं. ‘ॲ’ एका कीबोर्डवरून एकसंध अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावरून ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हं येतात, तिसऱ्यावरून हिंदीतला ‘ऍ’ येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ही एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो, काही वेळा त्यात न दिसणारं जोडचिन्ह असतं. युनिकोड नॉर्मलायझेशनने यातली काही रूपं एक होतात, सगळी होत नाहीत. ‘ॲ’ची तीन रूपं तर होतच नाहीत. त्यांच्यासाठी अदलाबदलीची यादी तुम्हालाच करावी लागते.

तिसरा: पत्त्याचा साचा जुळवण्यासाठी लिहिलेले काही नियम ‘अक्षर’ म्हणजे फक्त रोमन अक्षरं आणि अंक धरतात. असा नियम काना-मात्रेलाच काय, ‘ज’लाही अक्षर मानत नाही.

मी स्वतः पत्ते छोट्या रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवण्याच्या बाजूचा आहे. पानाचं शीर्षक, वर्णन, व्हॉट्सॲपची चौकट हे सगळं मात्र मराठीत. वाचणाऱ्याला मराठी तिथे दिसते. रोमनमध्येही सापळा आहेच: जांभूळमधला ‘भ’ कुणी एच घालून लिहितं, कुणी न घालता. एक रूप पक्कं करा आणि दुसरं त्याच्याकडे वळवा.

चालतंय असं वाटल्यावर

लॅपटॉपवर, घरच्या वाय-फायवर राउटर नेहमीच चालतो. अडचण येते ती बदलापूरहून सुटलेल्या लोकलमध्ये, नेटवर्क येत-जात असताना. माणसाने कॅम्प 3 दाबलं, उत्तर येईना म्हणून कॅम्प 5 दाबलं. कॅम्प 5 चं वेळापत्रक आलं आणि दोन सेकंदांनी आधीच्या मागणीचं उत्तर येऊन त्याच्यावर बसलं. वर पत्ता कॅम्प 5 चा, खाली पाणी कॅम्प 3 चं. पान बदललं की आधीची मागणी ‘अबॉर्ट-कंट्रोलर’ने रद्द करा. निदान उत्तर आल्यावर पत्ता अजून तोच आहे का, एवढं तरी पाहा. चुकीच्या वेळापत्रकावर विसंबून कुणाची टाकी रिकामी राहिली, तर तो तुमच्या साइटवर परत येणार नाही.

बाकीच्या नेहमीच्या जागा:

- स्टाइल गायब होते. एक पातळी आत गेल्यावर स्टाइलशीट शोधताना ब्राउझर चालू पत्त्याच्या फोल्डरमध्ये बघतो. फाइलींचे पत्ते मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू करून लिहा.
- नवं पान मधूनच दिसतं. आधीचं पान जिथवर खाली सरकवलं होतं, तिथेच नवं उघडतं. पुढे जाताना वर न्या. मागे येताना मात्र जुनी जागा परत द्या, नाहीतर लांब यादी वाचणारा वैतागतो.
- टॅबवरचं शीर्षक बदलत नाही. प्रत्येक पत्त्याच्या फंक्शनमध्ये शीर्षक बदलायची ओळ हवी.
- पत्त्यातलं मूल्य थेट पानात ओतलं जातं. ‘इनर-एचटीएमएल’मध्ये ते घातलंत, तर लिंकमधून कुणीही तुमच्या पानात स्वतःचा कोड चालवू शकतं. मजकूर म्हणूनच घाला.
- ‘ॲडमिन’चा पत्ता मेनूतून लपवला म्हणजे सुरक्षित झाला, असं समजणं. ब्राउझरमध्ये गेलेला कोड कुणालाही वाचता येतो. कुलूप सर्व्हरवरच लावावं लागतं.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी

साधं पान उघडलं की स्क्रीन रीडर नव्या पानाचं शीर्षक वाचून दाखवतो. राउटरने पान बदललं तर तो गप्प राहतो. दृष्टिहीन वापरकर्त्याला क्लिक लागलं की नाही, हेच कळत नाही. उपाय दोन-तीन ओळींचा आहे: शीर्षक बदला, नव्या पानाच्या मुख्य मथळ्याला ‘टॅबइंडेक्स’ उणे एक द्या आणि फोकस तिथे न्या. लहान राउटरपैकी बहुतेक हे करत नाहीत, त्यामुळे ते तुमच्याकडे येतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 सरकारी सेवांबरोबरच खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेच्या नियमांत आणतो. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. नगरपालिकेचं किंवा बँकेचं काम घेत असाल, तर हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढा.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

तुम्ही कोड लिहीत नाही, दुकानासाठी किंवा संस्थेसाठी साइट करून घेताय, अशांसाठी हे.

पेज-जेएस आणि नॅव्हिगो एमआयटी परवान्याखाली आहेत. वापरा, बदला, त्यांच्यावर बांधलेलं ॲप विका, परवानगी आहे. मूळ स्वामित्वाची सूचना आणि परवान्याचा मजकूर काढून टाकायचा नाही, एवढीच अट. हमी कसलीही नाही. ‘राउटरचं लायसन्स’ म्हणून कुणी वेगळे पैसे लावत असेल, तर ते कशाचे आहेत ते विचारा.

तुमच्यासाठी लिहिलेल्या कोडची गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लिहिणाराच साधारणपणे पहिला मालक असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर मालकी मालकाची. बाहेरच्या माणसाला पैसे दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणून दोन्ही लिहून घ्या.

करारात आणखी एवढं मागा:

- डोमेन तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर, आणि त्याचं लॉगिन तुमच्याकडे.
- मूळ कोड, नुसती बांधून तयार झालेली फाइल नव्हे.
- सगळ्या पत्त्यांची यादी.
- पुढे साइट नव्याने केली तर जुने पत्ते नव्यांकडे वळवून देण्याची जबाबदारी कुणाची, याची एक ओळ.

काम ताब्यात घेताना पैसे पूर्ण देण्याआधी फोनवर आतलं एक पान उघडा. रीफ्रेश करा. मागे जा, पुढे या. त्याची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून चौकटीत काय दिसतं ते पाहा. पत्त्यात शेवटी काहीतरी वेडंवाकडं टाइप करा. यातल्या एखाद्याही ठिकाणी कोरं पान आलं, तर शेवटचा हप्ता तेवढी दुरुस्ती होईपर्यंत थांबवा.